कुलपातला पृथ्वीगोल

1987 साली सरकारची खडू-फळा मोहीम निघाली, त्यानंतर आमच्या माणदेशातल्या दोनखोली शाळेत एक खोकं आलं. नकाशे, विज्ञानपेटी आणि पृथ्वीगोल. हेडगुरुजींनी गोल वर धरून सगळ्यांना दाखवला, डेडस्टॉक रजिस्टरात नोंदला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. फुटला तर भरून कोण देणार? त्यांचंही खोटं नव्हतं म्हणा, पगार तो केवढा.

पुढं कॉलेजात वाचलं, की तंजावरच्या सरफोजी राजांनी 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक लिहिलं. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजीण जगाचा भूगोल गाण्यांतून सांगते. सरफोजींचं राज्य 1798 ते 1832. म्हणजे दीडशे वर्षांमागं राजा भूगोल लोकांपुढं नाचवत-गाववत होता, अन् आमचा गोल कपाटात झुरळांना जग दाखवत बसलेला.

माझी अडचण वेगळी होती. सात जूनच्या आसपास आबा म्हणायचे, "मिरीग लागला." मग पेरणीची घालमेल. मी रात्री अंगणात उभा राहून मृगाचं तिकांडं शोधायचो. पौषात संध्याकाळीच उगवतीला ठळक दिसणारं तिकांडं ऐन मृगात कुठंच नाही! आबांना विचारलं तर म्हणाले, "आरं, त्यो पाऊस आणाय गेलाय." त्या साली मृग कोरडा गेला. पाऊसही नाही नि तारेही नाहीत.

पुढच्या जूनमध्ये बदलून नवे गुरुजी आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात कुलूप काढलं. खोली अंधारी केली, मधल्या टेबलावर कंदील ठेवला आणि चारी भिंतींवर ओळीनं सत्तावीस नक्षत्रांची नावं खडूनं लिहिली. गोल माझ्या हातात दिला. हात थरथरत होते. मला ज्येष्ठेच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. "आता कंदिलाकडं बघ. मागं काय दिसतंय?"

कंदिलाच्या बरोबर मागं 'मृग' लिहिलेलं होतं, पण उजेडानं धड वाचता येईना.

मृग लागला म्हणजे सूर्य मृगात गेला. ते तारे तेव्हा दिवसा डोक्यावर असतात, उन्हात बुडालेले. गोलाची अंधारी बाजू ज्येष्ठेकडं, म्हणून रात्री ज्येष्ठा दिसते. पुनवेचा चंद्रही त्याच अंगाला, म्हणून महिना ज्येष्ठ. मग गुरुजींनी मला अर्धी फेरी मारायला लावली. आता मृग पाठीशी, अंधाराच्या बाजूला. तो मार्गशीर्ष.

घरी येऊन चिमणी नि कांदा घेऊन आबांना हे सगळं करून दाखवलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी त्यो गेला न्हवता. हितंच हुता."

हिवाळ्यात गुरुजींनी आकाशाचा नकाशा दिला. आबांना अक्षर येत नव्हतं, पण दिशा मी सांगितल्या तशी चूक त्यांनी लगेच काढली. "वर उत्तर, तर उगवत डाव्या अंगाला कशी? छापणाराला कळतंय का काय?"

"आबा, ह्यो भुईवर ठेवून बघायचा न्हाई, डोक्यावर धरायचा. उत्तरंला डोकं करून बाजंवर उताणं पडा."

"उत्तरंला डोकं मड्याचं करत्यात," म्हणाले, आणि दक्षिणेला उसं घेऊन पडले. नकाशा मात्र हातात उलटा फिरवला, उत्तर पायांकडं. उगवत आपसूक उजव्या हाताला आली. वर तिकांडं चढत होतं.

"आता बसलं बघ," म्हणाले.