थेंबाचा मुकुट

मैत्रिणींनो, पाणी गाळून झालं की फडक्यातून शेवटचे चार-दोन थेंब हंड्यात टपटपत राहतात. थेंब पडतो, पाणी उसळतं, वलयं उठतात आणि विरतात. हे रोज डोळ्यांसमोर घडतं, पण पापणी लवण्याच्या आत संपत असल्यामुळे नीट असं कधी दिसत नाही. याच एका थेंबामागे तीसेक वर्षं घालवणाऱ्या माणसाची आजची गोष्ट.

आर्थर वर्दिंग्टन हे इंग्लंडमधले भौतिकशास्त्राचे शिक्षक. जन्म १८५२ चा. १८७५ च्या सुमारास त्यांना थेंबाच्या उसळीचं वेड लागलं. पण ती पाहायची कशी? त्यांनी खोली पूर्ण अंधारी केली. दुधाचा किंवा पाऱ्याचा थेंब ठरलेल्या उंचीवरून सोडायचा आणि तो आदळल्यावर नेमक्या क्षणी विजेची ठिणगी पाडायची. त्या लख्ख उजेडात डोळ्यांवर जे चित्र उमटेल, ते पुसट होण्याआधी कागदावर काढायचं. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. असे कितीतरी थेंब पाडून एका उसळीची गोष्ट जुळवली. आधी खळगा, मग काठावर टोकाटोकांचा मुकुट, मग मधोमध उभा राहणारा पाण्याचा खांब.

ती चित्रं फार सुरेख होती. अगदी रांगोळीसारखी, चहूबाजूंनी सारखी.

१८९४ मध्ये त्याच ठिणगीच्या उजेडात त्यांना छायाचित्रं घेता आली. उजेड सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकणारा. काचा धुऊन पाहिल्या, तर मुकुट वेडावाकडा! कुठे टोक मोठं, कुठे तुटलेलं, एक बाजू उंच तर दुसरी बसकी. वर्दिंग्टन यांनी जुन्या वह्या काढल्या. असे वाकडे आकार तेव्हाही दिसले होते, कागदावर उतरलेही होते. पण हा थेंब चुकला असेल, असं समजून त्यांनी ते बाजूला टाकले होते आणि सुबक तेवढे छापले होते. आपल्या मनातला थेंबच आपण इतकी वर्षं दाखवत आलो, हे त्यांनी न लपवता लिहिलं. १९०८ च्या मोठ्या ग्रंथात त्यांनी छायाचित्रं दिली, ती जशी होती तशीच.

पुढे अमेरिकेत एमआयटी या संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी पुन्हा पुन्हा लखलखणारा विजेचा दिवा वापरून दुधाच्या थेंबांचे फोटो घेतले. १९३० च्या दशकात सुरुवात केली आणि लाल पार्श्वभूमीवरचा त्यांचा प्रसिद्ध रंगीत मुकुट आला १९५७ मध्ये. नीटनेटक्या मुकुटाची ओढ त्यांनाही सुटली नव्हती!

आज हे घरी करता येतं, युक्ती तीच. खोली अंधारी करा. पसरट भांड्यात थोडं पाणी घ्या, वर प्लॅस्टिकच्या पिशवीला टाचणीनं भोक पाडून टांगा. थेंब पडतो तिथे चमचा आडवा धरून कॅमेऱ्याचा फोकस पक्का करा आणि चमचा काढून घ्या. वेगळा फ्लॅश असेल तर त्याची ताकद अगदी कमी ठेवा. कमी ताकदीवर तो कमी वेळ चमकतो आणि थेंब हवेत थांबल्यासारखा दिसतो. मोबाइल असेल तर भरपूर उजेडात स्लो मोशन लावा. पाणी किती जपून घ्यायचं, हे तुम्हाला सांगायला नको. वाटीभर पुरतं, आणि नंतर ते तुळशीला घालता येतं.

पन्नास फोटोंत एखादाच देखणा येईल. तो घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. पण बाकीचे पुसण्याआधी मुलांना शेजारी बसवून एकदा सगळे पाहा. थेंब खरा कसा पडतो, ते त्या वाकड्या फोटोंतच दिसेल.