जोहारापासून ‘सरां’पर्यंत

पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात महाराच्या तोंडची भारुडे रचली. त्यांतला महार बोलायला उभा राहिला की आधी ‘जोहार’ घालतो, समोरच्याला ‘मायबाप’ म्हणतो. नाथांनी त्याच्या मुखातून गावाला ज्ञान ऐकवले, ही गोष्ट मोठीच. पण ज्ञान सांगणाऱ्यालाही आधी वाकावे लागे, याची साक्षही तीच भारुडे देतात. आणि गावाचे उत्तर काय असे? ‘अरे!’

इंग्रजीतील संबोधनांचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. ‘मिस्टर’ हा ‘मास्टर’चा, म्हणजे धन्याचा, झिजलेला उच्चार. आधी तो प्रतिष्ठितांपुरता होता. पुढे दुकानदाराला लागला, मजुरालाही लागला. ‘एस्क्वायर’ मूळचा सरदाराची ढाल वाहणारा. त्याचा जमीनदार झाला आणि अखेर पाकिटावर कोणाही गृहस्थाच्या नावापुढे तो लिहिला जाऊ लागला. ‘सर’चा मूळ अर्थ वडीलधारा. तिथे मालकाचा शब्द खाली उतरला, सर्वांचा झाला.

आपल्याकडे मात्र मानाचा शब्दही जातीत कोंडला गेला. महारांच्या नावांतला ‘नाक’ काही अभ्यासक ‘नायक’ शब्दाशी जोडतात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण सांगणाऱ्या कोरेगावच्या स्तंभावर अशी नावे कोरलेली आहेत. नायकपण विस्मरणात गेले. जात तेवढी उरली. इंग्रजांनी रावसाहेब, रावबहादूर वाटले, निजामाने जंग आणि दौला. महारवाड्यातला ‘अरे’ तसूभरही हलला नाही.

२६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या अनुच्छेद १८ ने राज्याला किताब देण्याची मनाई केली. सैनिकी आणि विद्याविषयक तेवढे वगळले. मर्जीने मिळणारे गेले, शिकून मिळणारे राहिले. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातील दलितांची पोरे तिथे शिकली, मास्तर झाली, प्राध्यापक झाली. ज्यांच्या बापाला गाव ‘अरे’ म्हणे, त्यांना वर्गात त्याच गावची मुले ‘सर’ म्हणू लागली. धन्याच्या भाषेतला शब्द इथे असा कामी आला.

पण ‘सर’ वर्गापुरता असतो. वर्ग सुटला की गावात पुन्हा जात विचारली जाते. म्हणून चळवळीने जोहार टाकून ‘जयभीम’ घेतला, याचे महत्त्व अधिक. जोहाराला परतफेड नव्हती. जयभीमला उत्तर जयभीमच असते. त्यात कोणी मायबाप नाही, कोणी लेकरू नाही.