पिप्रहवा

उत्तर प्रदेशच्या सिद्धार्थनगर जिल्ह्यातील बौद्ध अवशेषांसाठी प्रसिद्ध असलेले खेडे. बर्डपूरच्या उत्तरेस, नेपाळच्या सीमेजवळ, भातशेतीच्या सपाट तराई मुलखात ते वसले आहे. विटांचा एक बसका स्तूप आणि त्याभोवतीच्या विहारांची जोती एवढेच येथे दिसते. बुद्धाच्या शाक्य कुळाची राजधानी कपिलवस्तू ती हीच, असा भारतीय पुरातत्त्वज्ञांचा दावा आहे. नेपाळ हा मान आपल्या हद्दीतील तिलौराकोटला देतो.

जानेवारी १८९८ मध्ये बर्डपूरचे इंग्रज जमीनदार विल्यम क्लॅक्स्टन पेपे यांनी तेव्हा टेकाडासारख्या दिसणाऱ्या या स्तूपातून मधोमध चर खणला. सुमारे साडेपाच मीटर खोलीवर वालुकाश्मात कोरलेली, सव्वा मीटरहून लांब, जवळपास सातशे किलो वजनाची पेटी लागली. आत शंखजिऱ्याची चार पात्रे आणि माशाच्या आकाराची मूठ असलेले स्फटिकाचे एक पात्र होते. अस्थींचे तुकडे आणि रक्षा यांच्यासोबत मोती, माणके, पुष्कराज, नीलम, सोन्याचे पत्रे, फुले व चांदण्या अशी शेकडो रत्ने व आभूषणे होती.

एका पात्रावर ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. सुकितीच्या भावांनी बहिणी, मुले व बायकांसह भगवान बुद्धाचा हा अस्थिनिधी स्थापन केला, असा त्याचा अर्थ लिपितज्ज्ञ ब्यूलर यांनी लावला. दुसरे लिपितज्ज्ञ फ्लीट यांच्या मते मात्र या अस्थी बुद्धाच्या नसून त्याच्या शाक्य आप्तांच्या. शंकेला आणखी एक कारण मिळाले. याच काळात जवळच्या नेपाळ तराईत उत्खनन करणारे पुरातत्त्व अधिकारी फ्यूरर यांच्या लबाड्या उघड झाल्या आणि त्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले. त्यांची सावली पिप्रहव्याच्या लेखावरही पडली, पण पुढे बहुतेक लिपितज्ज्ञांनी लेख अस्सल ठरवला.

१९७१ पासून के. एम. श्रीवास्तव यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे पुन्हा कुदळ चालवली. पेपे यांच्या पेटीच्याही खाली पक्क्या विटांचे दोन कप्पे आणि त्यांत शंखजिऱ्याचे करंडक निघाले. दोन्ही मिळून अस्थींचे २२ तुकडे. हा थर जुना असल्याने श्रीवास्तवांनी मूळ स्तूप इ. स. पू. पाचव्या शतकातला मानला. पूर्वेकडील विहारात कुशाणकालीन मृण्मुद्रा मिळाल्या. त्यांवर कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचा उल्लेख आहे. भारतीय दाव्याचा मुख्य आधार हाच. विहाराच्या नावावरून शेजारचे नगर ओळखता येते, असे श्रीवास्तवांचे म्हणणे होते, आणि ते नगर त्यांनी जवळच्या गनवरिया येथील टेकाडात शोधले. तेथे चौकाभोवती खोल्या असलेल्या विटांच्या मोठ्या वास्तू उघड्या पडल्या. आज त्यांतली एक पर्यटकांना बुद्धाचे पिता शुद्धोदन यांचा राजवाडा म्हणून दाखवली जाते. मात्र तसे सांगणारा एकही लेख तेथे मिळालेला नाही.

पिप्रहव्याची ठेव गावात राहिली नाही. पेपे यांना मिळालेल्या अस्थी ब्रिटिश सरकारने सयामचा राजा चुलालाँगकोर्न यांना भेट दिल्या. त्यांचा काही भाग बँकॉकच्या वाट साकेतमधील सुवर्णगिरीवर आहे. दगडी पेटी, पात्रे आणि बरीचशी रत्ने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेली. १९७० च्या दशकात सापडलेल्या अस्थींपैकी बहुतेक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. अधूनमधून त्या दर्शनासाठी परदेशी नेल्या जातात : २०१२ मध्ये श्रीलंका, २०२२ मध्ये मंगोलिया, २०२४ मध्ये थायलंड.

रत्नांचा एक हिस्सा पेपे यांच्याकडेच राहू देण्यात आला होता. मे २०२५ मध्ये त्यांच्या वंशजांनी तो सदबीज या लिलावसंस्थेमार्फत हाँगकाँगला लिलावात काढला, तेव्हा भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावली आणि लिलाव स्थगित झाला. मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाने रत्ने विकत घेतली आणि जुलै २०२५ अखेर ती १२७ वर्षांनी भारतात परतली. पिप्रहव्यात उरला आहे तो डागडुजी केलेला स्तूप, ज्याच्या पोटातून हे सारे निघाले.