कव्हरवरचं एक नाव आणि न छापलेली चार

आपल्या मंडळात आजवर सनदांवर, वाड्यांवर, गल्ल्यांच्या नावांवर, जुन्या नाटक मंडळ्यांवर निबंध वाचले गेले. यंदा मी बीटल्सवर वाचतो म्हटल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग अध्यक्षांनी विचारलं, "त्याचा बेळगावशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. थोडा संबंध आहे, आणि तो किती आहे व कुठं संपतो हे सांगण्यासाठीच हा निबंध.

आधी माझ्याबद्दल. बीटल्स हा चार जणांचा इंग्रज वाद्यवृंद १९७० साली फुटला. मी जन्मलो १९७१ मध्ये. म्हणजे ज्यांच्यावर मी चाळीस वर्षं जीव लावलाय, ते माझ्या जन्माआधीच एकमेकांपासून वेगळे झालेले. त्यांना पाहिलेलं नाही, त्यांच्या कार्यक्रमाचं तिकीट कधी खिशात आलं नाही. माझ्या पिढीच्या आणि नंतरच्या चाहत्याला काय मिळतं, तर ध्वनिमुद्रिका, त्यांची कव्हरं आणि कागद. मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळं हा काही तोटा आहे असं मला कधी वाटलं नाही.

आपल्याकडं अनेकांनी बीटल्स पहिल्यांदा ऐकले ते न कळत. १९६५ च्या 'जानवर' या हिंदी चित्रपटात शम्मी कपूरवर एक गाणं आहे. चाल सरळ बीटल्सच्या एका गाजलेल्या गाण्याची, संगीत शंकर-जयकिशन यांचं, आवाज रफीसाहेबांचा. माझे काका ते गाणं अंघोळीला जाताना म्हणायचे. ती चाल लिव्हरपूलच्या पोरांची आहे हे मी सांगितल्यावर त्यांनी मला येडा ठरवलं.

माझ्या हाती कॅसेट आली १९८६ मध्ये, दहावीच्या सुट्टीत. मडगावच्या मावसभावानं आणलेली, 'रिव्हॉल्व्हर'. बाबा तबल्याचे मास्तर. शहापुरात घरीच शिकवणी चालायची. इंग्रजी गाण्यांना त्यांचा शब्द होता 'बोंबाबोंब'. पहिल्या बाजूचं चौथं गाणं लागलं. आधी सतारीचे थोडे सूर, अगदी सावकाश, आणि मग तबला. बाबा दाढी करता करता बाहेर आले, अर्ध्या तोंडाला साबण.

"कोण वाजवालंय रे हे?"

मी कॅसेटमधला कागद उलटासुलटा करून पाहिला. नुसती गाण्यांची नावं. म्हटलं, माहीत नाही.

"सकाळपासून तेच लावालास, आणि वाजवणाऱ्याचं नाव माहीत नाही?"

एवढं बोलून ते आत गेले. मला ते वाक्य चांगलंच लागलं. आमच्या घरात साथीदाराचं नाव न घेता मैफलीबद्दल बोलणं हा असभ्यपणा समजत. गायक मोठा असला तरी तबल्याला कोण, पेटीला कोण, हे आलंच पाहिजे.

उत्तर मिळायला पाच वर्षं लागली. कॅम्पात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात 'रिव्हॉल्व्हर'ची मोठी तबकडी मिळाली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत, 'लव्ह यू टू' या गाण्याखाली छापलं होतं : अनिल भागवत, तबला. सायकल हाणत घरी आलो. बाबांनी नाव ऐकलं, मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला.

"भागवत? कुठला?"

'कोण' आणि 'कुठला' हे आपले जुने प्रश्न. पहिल्याचं उत्तर कव्हरवर होतं. दुसऱ्याच्या नादात आपण काय काय करून बसतो, ते पुढं येईलच.

त्या ध्वनिमुद्रणाची हकीकत आता पुष्कळ स्पष्ट आहे. मार्क लुइसन या अभ्यासकानं स्टुडिओची कागदपत्रं आणि फिती तपासून १९८८ मध्ये बीटल्सच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचं एक जाडजूड पुस्तक काढलं. कुठल्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत, कितव्या वेळेला काय मुद्रित झालं, सगळं ओळीनं. आपल्याकडच्या रोजकीर्दीसारखंच. त्याची झेरॉक्स प्रत मी मुंबईहून मागवली, ती अजून जपून ठेवलीय. त्यासाठी लुइसननं भागवतांनाही गाठलं होतं.

११ एप्रिल १९६६. त्या दिवशी भागवतांना अंगडी नावाच्या गृहस्थांचा फोन आला, संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? हा जॉर्ज कोण, ते भागवतांना उमगलं नव्हतं. न्यायला रोल्स रॉइस गाडी आली तेव्हा बीटल्सचं काम आहे हे ध्यानात आलं. अॅबे रोडच्या स्टुडिओबाहेर पोरींची गर्दी, हातात थर्मास, केक, सँडविच. बीटल्स बाहेर यायची वाट बघत उभ्या. (तेव्हाचे चाहते असे पावसापाण्यात ताटकळायचे. मी खुर्चीत बसून झेरॉक्स वाचतो.) आत जॉर्ज हॅरिसननं काय हवंय ते सांगितलं, दोघांनी मिळून तबला सुरात लावला. जॉर्जचं म्हणणं, रविशंकरांच्या वळणाचं, सोळा मात्रांचं काहीतरी वाजवा, बाकी तुमच्या मनानं. म्हणजे त्रिताल. पाव्हणा इंग्रज असला तरी मागणी रास्त होती. ५ ऑगस्टला तबकडी बाजारात आली आणि तिच्यावर भागवतांचं नाव होतं. बाहेरच्या वादकाचं नाव बीटल्सच्या कव्हरवर येणं ही तेव्हा फार दुर्मीळ गोष्ट. सतार कुणी किती वाजवली, खुद्द हॅरिसननं की आणखी कुणी, यावर मात्र चाहत्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

आता हे अंगडी. बेळगावात हे आडनाव ऐकल्यावर कुणीही मान वळवेल. कानडीत अंगडी म्हणजे दुकान, हे इथल्या मराठी माणसालाही सांगावं लागत नाही. अयाना देव अंगडी हे कर्नाटकातल्या जकनूर गावचे, जन्म १९०३. तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. १९२४ मध्ये ते आय. सी. एस. च्या तयारीसाठी लंडनला गेले. सरकारी साहेब व्हायचं राहिलं, उलट साम्राज्याविरुद्ध लिहिणारे डाव्या मताचे गृहस्थ झाले. पॅट्रिशिया या इंग्रज चित्रकार बाईंशी लग्न केलं आणि युद्धानंतर, १९४६ साली, दोघांनी लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल ही संस्था काढली. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन तिचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या योगवर्गांची लंडनमध्ये सोय करण्यातही या संस्थेचा हात होता. बिऱ्हाड उत्तर लंडनमध्ये, फिंचलीला.

बीटल्सशी गाठ पडली ती एका तुटलेल्या तारेमुळं. ऑक्टोबर १९६५ मध्ये 'नॉर्वेजियन वुड' या गाण्याचं काम चाललेलं. हॅरिसननं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या दुकानातून साधी सतार घेतली होती, तिची तार तुटली. लंडनमध्ये सतारीची तार मिळायची कुठं? फोन गेला अंगडींच्या घरी. अंगडी कुटुंब स्वतः तार घेऊन स्टुडिओत हजर झालं, आणि पॅट्रिशियाबाईंनी तिथं बसून चित्रं रेखाटली. पुढं हॅरिसन त्यांच्याकडं जाऊ येऊ लागला, संस्थेतल्या शिक्षकांकडून धडे घेऊ लागला. जून १९६६ मध्ये रविशंकरांची आणि त्याची भेट झाली तीही अंगडींच्याच घरी. त्याच साली सप्टेंबरात तो मुंबईला आला, ताजमध्ये 'सॅम वेल्स' या खोट्या नावानं उतरला, आणि लिफ्टवाल्या पोरानं ओळखलं! हा सगळा प्रवास एका तारेपासून सुरू झाला, आणि ती तार जकनूरच्या माणसानं पोचवली. आमच्या शाळेतल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा वर्ग पहिल्यांदा गप्प होतो.

इथवर सगळं गोड आहे. पुढच्या वर्षीची गोष्ट तशी नाही.

१५ मार्च १९६७ ला हॅरिसनच्या 'विदिन यू विदाउट यू' या गाण्याचं काम सुरू झालं. बाकीचे तिघे बीटल्स त्यात नाहीतच. दिलरुबा, तानपुरे, तबला, स्वरमंडल, सतार; नंतर त्यावर आठ व्हायोलिनं आणि तीन चेलो. एशियन म्युझिक सर्कलमार्फत लंडनमधलेच भारतीय वादक आले होते. हे गाणं 'सार्जंट पेपर' या तबकडीत आहे. तिचं कव्हर जगात सगळ्यात जास्त न्याहाळलं गेलेलं असेल. पुढं पन्नासांवर माणसांचे चेहरे. त्यात योगानंद, युक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी असे चार भारतीय योगी आहेत. गांधीजीही होते, पण भारतात लोक दुखावतील, खप अडेल, या भीतीनं कंपनीच्या प्रमुखांनी त्यांना काढायला लावलं. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. म्हणजे भारतीयांना काय वाटेल याची काळजी घेतली, योग्यांना जागा दिली, शब्दांना जागा दिली. ज्यांनी प्रत्यक्ष बसून वाजवलं त्या भारतीयांपैकी एकाचंही नाव नाही. वर्षापूर्वी भागवतांचं छापलं होतं, म्हणजे पद्धत माहीत नव्हती असंही म्हणता येत नाही.

पन्नासाव्या वर्षाच्या निमित्तानं, २०१७ मध्ये, ती नावं सगळ्यांसमोर आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, तबल्यावर नटवर सोनी. त्याच वर्षी निघालेल्या संचात एक छोटा तुकडा आहे, त्यात हॅरिसन वादकांना जागा गाऊन दाखवतो आणि ते उचलतात. मी तो किती वेळा ऐकला असेन, त्याची गणती नाही. ज्यांची नावं पन्नास वर्षं गायब होती, ती माणसं तिथं शिकताहेत, चुकताहेत, पुन्हा वाजवताहेत.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत काम करून गेला, तेव्हा हरिप्रसाद चौरसियांसारखे वादक होते. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथं थांबत नाही.

आता मंडळातला वाद. मागच्या पावसाळ्यात मी हा विषय तोंडी मांडला. एका ज्येष्ठ सभासदांनी उत्साहानं सुचवलं, 'बीटल्सना साथ करणारे बेळगावचे सुपुत्र' म्हणून भागवत आणि जोशी यांची नावं आपल्या नोंदवहीत घ्यावीत. म्हणाले, "भागवत, जोशी ही नावं आपलीच की वो!" दोनतीन जणांनी टाळ्याही वाजवल्या. मी नको म्हटलं. थोडी बोलाचाली झाली. एकानं असंही सुनावलं की बीटल्सचा एवढा वेडा माणूस, आणि आपल्या माणसाचं नाव लिहायला का कचरतो?

चाहता म्हणून मलाही तेच हवंय, हे मी लपवत नाही. त्या गाण्यातला तबला खडेबाजारातून लंडनला गेला असं कागदावर सापडलं तर मी पेढे वाटीन. पण आडनावावरून गाव ठरवायचं नसतं. कुमार गंधर्व आपले, कारण ते इथून जवळच्या सुळेभावीचे, आणि ते सगळ्या चरित्रांत आहे. भागवत तर नाशकात सापडतील, इंदुरात सापडतील, बडोद्यातही. जोशींचं तर बोलायलाच नको. आणि 'अण्णा' हे आपण वाचतो; रोमन लिपीत ते 'अॅना'सारखंच दिसतं, माझ्या ओळखीचा एक गोव्याचा चाहता कित्येक वर्षं ही बाई आहे असं समजत होता. कान आपला म्हणून पुरावा आपला होत नाही. त्या माणसांची नावं एकदा कंपनीनं गाळली. आता आपण त्यांना हवं ते गाव चिकटवलं, तर त्यांच्याबद्दल आणखी एक खोटी ओळ तयार होईल, आणि ती आपल्या मंडळाच्या शिक्क्यानिशी.

२०२२ मध्ये 'रिव्हॉल्व्हर'चा नवा संच निघाला. जुन्या फितींतले एकत्र मिसळलेले आवाज यंत्रानं सुटे करून नव्यानं मांडलेले. त्यात 'लव्ह यू टू'चा पहिला प्रयत्नही आहे, गिटारवरचा, तबल्याविना. मी बाबांच्या कानाला हेडफोन लावला. वय नव्वदीला टेकलेलं, ऐकू कमी येतं, पण डग्गा ऐकू आला. मांडीवर बोटं चालू लागली. आधी पहिला प्रयत्न ऐकवला, मग पूर्ण गाणं. शेवटाला लय वाढते आणि त्या भरात गाणं हळूहळू विरत जातं. बाबांनी हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं.

"हात बरा आहे. पण समेवर न येताच गेला की!"

तिहाई फितीवर असेलही, पण आवाज आधीच उतरवलाय, हे मी समजावून सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. अशा ठिकाणी वादकाला विचारायला पाहिजे होतं, म्हणाले.

नोंदवहीचं शेवटी असं झालं. अयाना देव अंगडी, गाव जकनूर, असं मी स्वतः लिहिलं. त्याखाली अनिल भागवत, अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा आणि नटवर सोनी ही पाच नावं, पुढं वाद्य आणि तारीख. ठिकाणाच्या रकान्यात पाचांपुढं लंडन. ज्येष्ठ सभासदांनी सही केली, पण पेन्सिलनं.