हुकूम दिल्लीचा की राज्याचा? अमेरिकेतला तंटा

हुकूम कुणाचा पाळायचा, हा प्रश्न आम्हा फौजींना सहसा पडत नाही. अमेरिकेतल्या पोलिसांना मात्र पडतो. 1993च्या ब्रेडी कायद्याने पिस्तूल घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे काम केंद्राने स्थानिक पोलीसप्रमुखांवर टाकले. मोंटानातले शेरीफ जे प्रिंट्झ कोर्टात गेले. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितले, की केंद्राला राज्याची माणसे अशी राबवता येणार नाहीत.

राज्यांना जोर चढला. 2021 मध्ये मिसुरीने केंद्राचे काही बंदूक-कायदे थेट अवैध ठरवले आणि ते राबवणाऱ्या पोलीस खात्याला 50,000 डॉलर दंड ठेवला. धास्तीने काही खात्यांनी केंद्राच्या संयुक्त पथकांतून आपली माणसे काढून घेतली. 2024 मध्ये संघीय अपील न्यायालयानेही तो कायदा घटनाबाह्य ठरवला. थोडक्यात, राज्याला आपला हात काढून घेता येतो, केंद्राचा हात धरता येत नाही.

आपल्या घटनाकारांनी शस्त्रे केंद्रसूचीत घालून हा वाद बराचसा मिटवला. 1959चा शस्त्र कायदा संसदेचा, परवाना मात्र बहुधा जिल्हाधिकारी देतो. दोन हुकमांच्या मधे शेवटी भरडला जातो तो चौकीवरचा शिपाईच.