मळ्याचं नाव बाटलीवर

मंडळी, पाबळला इतिहास म्हटलं की आपण मस्तानीच्या समाधीपाशी थांबतो. आज आम्ही जरा अलीकडच्या काळात येतो आणि बोलतो लाल वाइनबद्दल. एकाच मळ्यातली, पण दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळून केलेली उंची वाइन. हा विषय वाटतो तितका परका नाही. पाबळच्या उत्तरेला नारायणगाव. तिथे 1980 च्या दशकात इंडेजने फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशी पाठवली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. पुढे दौंड तालुक्यात रोटीच्या टेकडीवर फोर सीझन्सची वायनरी उभी राहिली.

आता चव बघू. लाल वाइन थोडी गार हवी, 16 ते 18 अंश. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ग्लास एक तृतीयांशच भरा, हलवा, वास घ्या. मग छोटा घोट, तोंडभर फिरवून. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, तसा तुरटपणा लागेल. तो येतो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून.

हा तुरटपणा लक्षात ठेवा, कारण आपला इतिहास त्यातच आहे. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांचं असतं. आपलं थॉमसन खायला गोड, बिनबियांचं. 2008 नंतर मंदी आली, वाइनचा उठाव मंदावला. थॉमसनवाल्याला निदान बाजार समिती होती. वाइनच्या द्राक्षाला वायनरीशिवाय गिऱ्हाईकच नाही! अनेकांनी उभ्या बागा तोडल्या. ज्या सालीने वाइनला अंग येतं, तिनेच शेतकऱ्याची वाट बंद केली.

मग मिश्रण कशासाठी? इटलीतल्या टस्कनीचं उदाहरण घ्या. तिथल्या सांजोवेसे द्राक्षात आंबटपणा चांगला, पण अंग कमी पडतं. ते काबर्ने सोविन्यॉं देतं. अंतिनोरी घराण्याने 1971 ची वाइन आपल्या ‘तिन्यानेल्लो’ या मळ्याच्या नावाने काढली आणि पुढे तिच्यात काबर्ने मिसळलं. क्यांतीच्या नियमात ती बसेना, म्हणून लेबलवर साधी ‘टेबल वाइन’ लिहावं लागलं. तरी लोकांनी ती मळ्याच्या नावाने ओळखली.

हीच जोडी आपल्याकडे अकलूजला आली. फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. सेक्री, मोहिते-पाटील आणि इटलीचे सेक्की, अशा भावांच्या तीन जोड्या. सातवे वाइनकर्ते पिएरो मासी. म्हणून वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. तीत सांजोवेसे आणि काबर्ने, दोन्ही माळशिरस तालुक्यात वाढलेली. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळ छाटणी, फेब्रुवारी-मार्चला तोडणी. ही सगळी आपलीच शेती. फरक इतकाच की तिथे मळा आणि वायनरी एकाच घरची. बाग तोडायची वेळ आली तर नुकसान वायनरीचंही.

म्हणून आम्ही म्हणतो, चव घेताना वासाआधी लेबल वाचा. गाव कोणतं, मळा कोणाचा? तिथे उत्तर असेल तर त्या तुरटपणाची जबाबदारी कुणीतरी घेतलेली आहे. नसेल, तर विचारा.