नरकाचे नाव कसे पडले

एप्रिलचा दुसरा रविवार जवळ आला की पुण्याहून नातवाचा फोन ठरलेला. "आजोबा, पॅरिस-रूबे आहे, विसरू नका." त्याला सायकलचे वेड आहे. मला वेड असे नाही, पण सत्तावीस वर्षे सायकलवरून शाळेत गेलो, त्यामुळे तो माणूस कुठे दमला असेल हे पायांना कळते. गेल्या वर्षी त्याने विचारले, या शर्यतीला 'उत्तरेचा नरक' का म्हणतात? मी ठोकून दिले, "त्या दगडी रस्त्यांमुळे." मास्तरकीची खोड, माहीत नाही म्हणायची जीभ वळत नाही. नंतर वाचत बसलो तेव्हा कळले की उत्तर चुकले होते.

शर्यत जुनी आहे, 1896 ची. रूबे हे बेल्जियमच्या सीमेजवळचे कापड गिरण्यांचे गाव. तिथल्या दोन गिरणीमालकांनी सायकल शर्यतींसाठी मैदान बांधले आणि त्याची जाहिरात व्हावी म्हणून ही शर्यत काढली. तेव्हा त्या मुलखातले रस्ते दगडी फरसबंदीचेच असत, त्यात कोणाला नवल वाटत नव्हते. 1914 ची शर्यत रूबेच्याच शार्ल क्रुपलांने जिंकली. मग ऑगस्टात युद्ध सुरू झाले आणि ज्या रस्त्यांवरून शर्यत जायची त्या भागातून युद्धाची आघाडी गेली. रूबे चार वर्षे जर्मनांच्या ताब्यात होते.

11 नोव्हेंबर 1918 ला शस्त्रसंधी झाला. पुढच्या ईस्टरला शर्यत पुन्हा घ्यायची ठरली, पण रस्ता शिल्लक आहे का हेच कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून व्हिक्टर ब्रेये हा पत्रकार आणि युजेन क्रिस्तोफ हा सायकलपटू पाहणीला निघाले. हल्ली शर्यतीआधी कोण जिंकेल, वारा कुठला असेल, असे पानभर छापून येते ना, तसाच मजकूर आणायला गेलेली ही माणसे. सुरुवातीला सगळे ठीक होते. आरास जवळ येऊ लागले तशी झाडे संपली. उरले ते जळके बुंधे. तोफगोळ्यांचे खड्डे, चिखल, कुजका वास, आणि ओळीने क्रूस. गावांच्या जागी विटांचे ढीग. 'उत्तरेचा नरक' हे शब्द त्या पाहणीतून आले. ते दगडांविषयी नव्हते.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. 1909, 1910 आणि 1911 असे ओळीने तीनदा जिंकलेला ऑक्ताव लापीझ 1917 मध्ये लढाऊ विमानासह पाडला गेला. 1913 चा विजेता फ्रांस्वा फाबेर मे 1915 मध्ये आरासच्या उत्तरेला मारला गेला, म्हणजे जवळजवळ शर्यतीच्या वाटेवरच.

20 एप्रिल 1919 ला शर्यत झाली. ऑन्री पेलिसिए जिंकला, त्याला बारा तासांहून जास्त वेळ लागला. इतकी संथ पॅरिस-रूबे आजवर झालेली नाही. वाटेत फाटकात आगगाडी उभी होती, तेव्हा हा गडी सायकल घेऊन डब्यातून पलीकडे उतरला, असे सांगतात. क्रिस्तोफचे नशीब मात्र पाहा. त्याच वर्षी जुलैत टूर द फ्रान्समध्ये पहिली पिवळी जर्सी त्याला मिळाली, आणि शर्यत संपत आली असताना व्हॅलेन्सिएनजवळच्या दगडांवर सायकलचा पुढचा फोर्क तुटून ती गेली. नरक पाहून आलेल्या माणसाला त्या मुलखाने असे परत गाठले.

आता माझी गोष्ट. मी वर्गात पहिले महायुद्ध पाच कारणे आणि चार परिणाम असे शिकवले. शाळेच्या वाटेवर चावडीच्या भिंतीत एक दगड होता. त्यावर इंग्रजीत कोरलेले, या गावातून इतकी माणसे 1914 ते 1919 च्या महायुद्धाला गेली, त्यांतली इतकी परतली नाहीत. पोरे त्यावर पेन्सिली घासत. मी रोज घंटी वाजवत पुढे जाई. तो दगड एकदाही धड्यात आणला नाही.

आपल्याकडचे बरेच शिपाई मेसोपोटेमियात गेले हे खरे. पण खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या 28 ऑक्टोबर 1914 ला न्यूव्ह शापेल गावात घराघरातून लढल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसे. त्यांना पायदळासारखे पुढे घातले आणि फार माणसे गेली. ते गाव रूबेपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. तिथे 1927 पासून हिंदी सैनिकांचे स्मारक उभे आहे.

असो. रविवारी काय पाहायचे तेही सांगतो. नावात पॅरिस असले तरी 1977 पासून शर्यत कॉम्पिएनहून सुटते, म्हणजे ज्याच्या शेजारच्या जंगलात तो शस्त्रसंधी झाला तिथून. एकूण अंतर 260 किलोमीटरच्या आसपास, त्यात पन्नासेक किलोमीटर दगड. साठच्या दशकात डांबर पडू लागले तेव्हा आयोजकांना दगड शोधत हिंडावे लागले. आरेनबर्गच्या जंगलातला रस्ता 1968 मध्ये आला. तो सुचवणारा ज्याँ स्ताब्लिन्स्की पोरवयात त्याच जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिथे पाऊस असेल तर डोळे मिटू नका. शर्यत तिथे जिंकता येत नाही, हरता मात्र येते. खरा निकाल बहुधा कारफूर द लार्ब्रच्या दगडांवर, शेवटच्या वीस किलोमीटरांत लागतो. बायकांची शर्यत 2021 पासून होते, तीही चुकवू नका.

मैदानात शिरण्याआधी तीनशे मीटरचा दगडी पट्टा लागतो. त्याला क्रुपलांचे नाव आहे.

नातवाला सांगितले आहे, या वेळी शर्यत सुरू व्हायच्या आधी फोन कर. गेल्या वर्षीचे उत्तर दुरुस्त करायचे आहे.